अजब बातमी पुढं पाठवण्याआधी: फळ्यापाशी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी, तालमीच्या भिंतीला एक काळा फळा आहे. पाणी कधी येणार, वर्गणी कुणाकडं द्यायची, कुणाचं रक्षाविसर्जन किती वाजता, हे सगळं त्यावर लिहिलेलं असतं. गेली सात वर्षं त्या फळ्याचा खालचा उजवा कोपरा माझ्याकडं आहे. इंटरनेटवर सापडलेली एक अजब पण खरी बातमी मी तिथं रोज सकाळी खडूनं लिहिते. दुधाला निघालेली, शाळेला चाललेली, दुकान उघडायला चाललेली माणसं थांबतात, वाचतात आणि विचारतात. तेच प्रश्न इतक्यांदा आले की उत्तरं लिहूनच काढली. घरच्या ग्रुपवर, ऑफिसात किंवा शाळेत ज्यांना असं काही सुरू करायचं आहे, त्यांनाही ती उपयोगी पडतील.

अजब बातमी म्हणजे नेमकी कशी? नुसती विचित्र असली की झालं?

नाही. ऐकल्यावर तोंडातून "काय सांगताय!" निघालं पाहिजे आणि कारण कळल्यावर "अस्सं होय!" म्हणता आलं पाहिजे. मला दोन्ही लागतं.

माझं आवडतं उदाहरण मळीच्या पुराचं. आपल्या जिल्ह्यात मळी म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कारखान्यावरनं जाताना वासानंच कळतं. १५ जानेवारी १९१९ ला अमेरिकेतल्या बोस्टन शहरात, नॉर्थ एंड नावाच्या दाट वस्तीच्या भागात मळीची एक अवाढव्य टाकी फुटली. टाकी सुमारे ५० फूट उंच, आत जवळजवळ ८७ लाख लिटर मळी. भर दुपारी पंचवीसेक फुटांची लाट रस्त्यातून धावली. घरं पायापासून सरकली, घोडे जागच्या जागी चिकटून मेले, २१ माणसं गेली आणि दीडशेच्या आसपास जखमी झाली.

इथवर नुसतं "काय सांगताय". पुढचं ऐका. ती टाकी पहिल्यापासून गळत होती, आणि गळती नजरेत येऊ नये म्हणून कंपनीनं तिला तपकिरी रंग लावला होता. टाकी फुटल्यावर कंपनी म्हणाली, कुणीतरी घातपात केला. वर्षानुवर्षं सुनावणी चालली आणि शेवटी जबाबदारी कंपनीवरच आली.

ही बातमी फळ्यावर आली त्या दिवशी साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "ताई, पत्रा किती जाडीचा होता तेवढं बघा की." मी जाऊन वाचलं. पत्रा लागतो त्यापेक्षा बराच पातळ होता. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात तेवढी एक ओळ लिहिली. काकांनी ती वाचली आणि मान डोलावून पुढं गेले. शंभर वर्षांपूर्वीच्या परक्या शहरातली बातमी आपल्या माणसाच्या कामाशी अशी येऊन भिडते, तेव्हा मला हे सगळं करण्याचं सार्थक वाटतं.

इतक्या बातम्या शोधता कुठं?

फॉरवर्ड झालेल्या मेसेजमध्ये मी शोधत नाही. तिथं बातमी पोचते तेव्हा तिचं गाव आणि तारीख गळून पडलेली असते.

जुनी वर्तमानपत्रं हा मोठा खजिना आहे. ऑस्ट्रेलियाचं 'ट्रोव्ह' आणि न्यूझीलंडचं 'पेपर्स पास्ट' या दोन संग्रहांत शंभर-दीडशे वर्षांची वर्तमानपत्रं पानन् पान फुकट वाचायला मिळतात. 'एमू युद्धा'च्या मुळापर्यंत जायचं तर ट्रोव्हसारखी जागा नाही. "ऑस्ट्रेलियाचं सैन्य पक्ष्यांकडून युद्ध हरलं" अशा एका ओळीत ती गोष्ट फिरते. झालं होतं असं: पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना पश्चिम ऑस्ट्रेलियात जमिनी दिल्या होत्या. १९३२ साली गव्हाचे भाव पडलेले, आणि त्यात सुमारे वीस हजार एमू पिकात घुसले. शेतकऱ्यांनी सरकारकडं मशीनगन मागितल्या. मेजर मेरेडिथ नावाचा अधिकारी, दोन लुईस गन आणि दहा हजार गोळ्या, एवढा त्या 'युद्धा'चा पसारा. पक्षी पांगायचे, गोळ्या वाया जायच्या. शेवटी मोहीम गुंडाळली. राधानगरीकडं गव्यांनी आणि चंदगड-आजऱ्याकडं हत्तींनी तुडवलेलं पीक ज्यानं पाहिलंय, त्याला ही गोष्ट नुसती हसण्यावारी नेता येत नाही. म्हणूनच ती पूर्ण सांगायची.

दुसरी जागा इग्नोबेल पुरस्कारांची यादी. १९९१ पासून दर वर्षी हे पुरस्कार देतात. आधी हसू यावं आणि मग विचार करायला लागावा अशा कामासाठी. भारतीय नावंही त्यात आहेत. केरळ कृषी विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी हत्तीच्या अंगाचं एकूण क्षेत्रफळ काढण्याचं सूत्र शोधलं, त्यांना २००२ साली गणिताचा पुरस्कार मिळाला. हत्तीला औषधाची मात्रा किती द्यायची, असा प्रश्न डोळ्यांसमोर आणला की त्या सूत्राचं मोल कळतं. आंद्रे गाइम यांनी चुंबकाच्या जोरावर जिवंत बेडूक हवेत तरंगवला आणि २००० साली इग्नोबेल घेतला. त्याच गाइम यांना २०१० साली ग्राफीनवरच्या कामासाठी खरा नोबेल मिळाला.

याशिवाय संग्रहालयांची संकेतस्थळं, नासाचं उपग्रह-चित्रांचं पान आणि आपला मराठी विश्वकोश. विश्वकोशात अजब असं वेगळं सदर नाही, पण कुठलीही नोंद उघडा, काहीतरी हाताला लागतंच.

बातमी खरी की खोटी हे घरबसल्या कसं तपासायचं?

तीन गोष्टी विचारा: कुठं, कधी, कुणी पाहिलं. खोट्या बातमीत यातलं निदान एक तरी नसतंच. "जपानमधल्या एका गावात", "नुकतंच", "शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे" अशी सुरुवात दिसली की थांबायचं.

फोटो असेल तर तो गुगल लेन्समध्ये किंवा टिनआयवर टाकून बघा. हाच फोटो आधी कुठं कुठं आला होता ते दिसतं. सगळ्यात जुनी तारीख शोधायची. आजच्या पुराचा म्हणून आलेला फोटो सहा वर्षांपूर्वीचा निघाला, की पुढं काही तपासायची गरजच उरत नाही.

माझ्याकडून झालेली चूक सांगते. फळा सुरू करायच्या आधी एका दिवाळीत मी घरच्या ग्रुपवर भारताचा रात्रीचा उपग्रह-फोटो पाठवला होता. सगळा देश निळ्या, हिरव्या, लाल, पांढऱ्या दिव्यांनी झगमगतोय आणि खाली लिहिलेलं, 'नासानं दिवाळीच्या रात्री घेतलेला'. दहावीतल्या भाचीनं विचारलं, "मावशी, दिवे असे वेगवेगळ्या रंगांत वाटून कसे दिले गं? गुजरातेत वेगळे, बिहारमध्ये वेगळे?" मला उत्तर देता आलं नाही म्हणून शोधायला बसले. ते चित्र एका रात्रीचं नव्हतंच. अमेरिकी हवामान उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकावर एक ठेवून शास्त्रज्ञांनी ते बनवलं होतं. १९९२ च्या आधीपासूनचे दिवे पांढरे, १९९२ ला दिसू लागलेले निळे, १९९८ चे हिरवे, २००३ चे लाल. म्हणजे वीज आणि वस्ती कशी पसरत गेली त्याचा तो नकाशा होता. दिवाळीच्या रात्री वाढणारा उजेड अवकाशातून वेगळा जाणवणार नाही इतका थोडा असतो, हे नासानंच २०१२ साली दिवाळीचं खरं चित्र दाखवून सांगितलं.

मला विचाराल तर खरी गोष्ट जास्त देखणी आहे. कुठल्या दशकात कुठल्या गावात दिवा लागला हे एका चित्रात दिसणं! आपण त्यावर 'दिवाळी' लिहून ते झाकून टाकत होतो.

वाचताक्षणी खोटी वाटली आणि खरी निघाली, असं कधी झालं?

बऱ्याचदा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कौलारू घराच्या छपरावर बसलेल्या मगरीचा व्हिडिओ आला. आम्ही सगळ्यांनी तो बनावट ठरवून टाकला. तो खरा होता. बेळगाव जिल्ह्याच्या रायबाग तालुक्यातला. कृष्णेच्या खोऱ्यात मगरी आहेत, पाणी कौलापर्यंत चढलेलं, तिनं टेकायला कोरडी जागा शोधली.

लोणारचं सरोवरही तसंच. जून २०२० मध्ये त्याचं पाणी गुलाबी झाल्याचे फोटो आले तेव्हा रंग भरलाय असंच अनेकांना वाटलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाण्याचे नमुने तपासले. पाणी आटून खारटपणा वाढल्यावर हॅलोआर्किया नावाचे मीठप्रिय सूक्ष्मजीव बहरले होते आणि त्यांचं रंगद्रव्य गुलाबी असतं. पावसानं पाणी वाढलं की रंग उतरतो.

त्यामुळं "असं होणंच शक्य नाही" एवढ्यावर कुठलीही बातमी खोटी ठरवू नका. २००१ साली केरळात लाल पाऊस पडला तेव्हाही लोक हसले होते. पाऊस खरोखरच लाल होता. त्यात एका शेवाळाचे बीजाणू होते. तो परग्रहावरून आला हे मात्र नंतर चिकटवलं गेलं.

आपल्या कोल्हापूरची कुठली बातमी जगभर गेली?

२०२५ च्या जानेवारीत गेलेली तुम्हाला आठवत असेल. घरच्यांच्या सांगण्यानुसार, हृदयविकाराच्या झटक्यानंतर एका आजोबांना मृत ठरवलं गेलं. रुग्णवाहिकेतून घरी नेताना गाडी स्पीडब्रेकरवरून उडाली, त्यांची बोटं हलताना दिसली, गाडी दुसऱ्या दवाखान्याकडं वळवली, आणि काही दिवसांनी आजोबा आपल्या पायांनी घरी आले. परदेशातल्या वर्तमानपत्रांनीही ही बातमी छापली.

मी ती फळ्यावर लिहिताना 'धक्क्यानंतर' लिहिलं. मथळ्यांमध्ये सगळीकडं 'धक्क्यामुळं' होतं. धक्क्यानंतर हालचाल दिसली हे घरच्यांनी सांगितलेलं. धक्क्यामुळं हृदय सुरू झालं हे मथळा लिहिणाऱ्यानं जोडलेलं. हृदय थांबल्यावर ते आपोआप पुन्हा सुरू झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत १९८२ पासून आहेत. फार क्वचित घडतं, पण घडतं. 'नंतर' आणि 'मुळं' या दोन शब्दांवर मी फळ्यापाशी जितकी बोलले असेन तितकी दुसऱ्या कशावर बोलले नसेन. गल्लीतल्या पोरांनी त्यानंतर सिमेंटच्या स्पीडब्रेकरला नमस्कार करायला सुरुवात केली होती, म्हणून बोलावंच लागलं.

इंटरनेटवर जगभरचं शोधता, मग इथलं काही अजब नाही का?

आहे, आणि शोधायला लागलं की जगाशी जोडलेलंच सापडतं.

टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात पोसायडनची एक छोटी ब्राँझची मूर्ती आहे. पोसायडन म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झालं त्यात ती सापडली. समुद्रापासून इतक्या आत, घाट चढून, सातवाहन काळातल्या व्यापाराच्या वाटेनं एक समुद्रदेव आपल्या गावात येऊन राहिला. हे लिहिलं त्या रविवारी गल्लीतली चार कुटुंबं संग्रहालयात गेली. त्यातली दोन पन्नास वर्षं कोल्हापुरात राहत होती आणि कधी आत गेली नव्हती.

आणि अस्वलाची गोष्ट. इंटरनेटवर 'सैनिक झालेलं अस्वल' म्हणून ती फिरते. वोयटेक नावाचं अस्वलाचं पिल्लू १९४२ साली इराणमध्ये पोलिश लोकांना सापडलं. सैनिकांनी ते बाटलीनं दूध पाजून वाढवलं. पुढं तुकडी जहाजानं इटलीला निघाली तेव्हा प्राणी नेता येईनात, म्हणून त्याचं नाव रीतसर सैनिक म्हणून नोंदवलं. १९४४ साली मोंते कसीनोच्या लढाईत त्यानं तोफगोळ्यांच्या पेट्या उचलल्याचं त्याच्यासोबतच्या सैनिकांनी सांगितलं आहे, आणि हातात गोळा धरलेलं अस्वल हे त्या तुकडीचं बोधचिन्ह झालं. शेवटी ते एडिंबराच्या प्राणिसंग्रहालयात राहिलं, १९६३ साली गेलं.

याचं कोल्हापूरशी काय? रशियातल्या बंदिवासातून सुटून हे सैनिक ज्या वाटेनं इराणला आले, त्याच वाटेनं त्यांच्यासारख्यांच्या बायका, मुलं, म्हातारीकोतारी माणसंही आली. त्यातली सुमारे पाच हजार माणसं आपल्या वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ अशी पाच वर्षं राहिली. महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ उभा आहे. ती छावणी पुढं सिंधी निर्वासितांना मिळाली आणि तिचं गांधीनगर झालं. आपण जिथं लग्नाचा बस्ता बांधायला जातो तिथं. दोन निर्वासित समाज, एकामागून एक, एकाच जागी! मला तर ही अस्वलापेक्षा मोठी बातमी वाटते, पण अस्वल पुढं केलं की लोक इथवर ऐकत येतात.

रंकाळ्याच्या नंदीचं खरं काय?

ऐकीव गोष्ट अशी: रंकाळा तलावाजवळचा दगडी नंदी रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो; ज्या दिवशी तो रंकाळ्याला पोचेल त्या दिवशी जगबुडी. लहानपणी मी त्याच्या खुरापाशी खडूची रेघ मारून आले होते.

पोरांना मी हे गणित म्हणून घालते. गव्हाचा आणि तांदळाचा दाणा यांत समजा एक मिलिमीटरचा फरक धरला. वर्षाला साडेछत्तीस सेंटिमीटर. शंभर वर्षांत साडेछत्तीस मीटर. म्हणजे आजोबांच्या लहानपणी नंदी कुठं होता ते सहज दिसायला पाहिजे. जुना फोटो शोधा, आजच्या फोटोशेजारी ठेवा. गोष्ट खोटी ठरली म्हणून ती सांगायची थांबवू नका. फक्त 'गोष्ट' म्हणून सांगा, 'बातमी' म्हणून नको.

१ एप्रिलच्या आणि गमतीच्या बातम्या खऱ्या समजून पाठवल्या जातात, त्यांचं काय?

शहाणीसुरती माणसंही यात फसतात. १ एप्रिल १९५७ ला बीबीसीनं एक बातमीपट दाखवला: स्वित्झर्लंडमध्ये झाडांवरून स्पॅगेटी तोडतायत, म्हणजे आपल्याकडं शेवयांचा हंगाम दाखवावा तसं. लोकांनी फोन करून विचारलं, हे झाड लावायचं कसं? ब्रिटनमध्ये तेव्हा स्पॅगेटी फारशी कुणी खात नव्हतं, मग त्यांना कळणार कसं? २०१२ साली अमेरिकेतल्या 'द अनियन' या विडंबन करणाऱ्या वृत्तपत्रानं उत्तर कोरियाच्या किम जोंग उन यांना जगातला सर्वांत आकर्षक पुरुष ठरवलं. चीनच्या 'पीपल्स डेली'नं ते खरं धरून संकेतस्थळावर ५५ फोटोंची मालिका लावली.

उपाय सोपा आहे: बातमी ज्या पानावर पहिल्यांदा आली त्याच पानावरच्या आणखी चार बातम्या वाचा. पान कसलं आहे ते लगेच कळतं.

एआयनं बनवलेले व्हिडिओ आता ओळखूच येत नाहीत. मग?

खरंय. मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांचा फुगीर पांढऱ्या जॅकेटमधला फोटो जगभर फिरला, तो एआयनं बनवलेला होता. तेव्हा बोटं, दात, चष्म्याच्या दांड्या नीट बघितल्या की चूक सापडायची. आता त्यावर विसंबू नका. चित्रात चूक शोधण्यापेक्षा चित्राचा मालक शोधा: कुणी काढलं, कुठं उभं राहून, तिथल्या दुसऱ्या कुणी पाहिलं का. गावात बिबट्या शिरला असेल तर वनखात्याला माहीत असतं, शेजारच्या चार घरांना माहीत असतं. फक्त एका फोटोलाच माहीत असेल तर तो फळ्यावर येणार नाही.

मी काही वाईट हेतूनं पाठवत नाही. नुसतं फॉरवर्ड केलं तर बिघडतं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून सरळ सांगते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात जमावानं पाच माणसांना ठार मारलं. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती, सोलापूर जिल्ह्यातून गेलेली. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज त्या भागात आधीपासून फिरत होते. ते पाठवणाऱ्यांतल्या बहुतेकांना वाटत असणार की आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांना सावध करतोय.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. पुढं, ज्या मेसेजवर दोन बाण दिसतात, म्हणजे जो हातोहात खूप फिरलाय, तो एका वेळी एकालाच पाठवता येईल असं एप्रिल २०२० पासून केलं. ते दोन बाण दिसले की मी बोट उचलते.

आपल्याकडं पावसाळ्यात धरण फुटल्याचे मेसेज येतात. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, धरणाची रचनाच तशी आहे. पण 'दरवाजे उघडले' याचं 'धरण फुटलं' व्हायला दोन ग्रुप पुरतात. पुराच्या दिवसांत मी फळ्यावर अजब काही लिहीत नाही. राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी लिहिते, शेजारी इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. आकडा जिल्हा प्रशासनानं दिलेला, वेळेसकट.

आणि २०२३ च्या जूनमध्ये मोबाइलच्या स्टेटसवरून आपल्या शहरात तणाव होऊन दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं, ते इथं सगळ्यांनी पाहिलंय. जात, धर्म, इतिहासातली माणसं यांच्यावरची 'अजब माहिती' माझ्या कोपऱ्यात कधीच येत नाही. कुणी कितीही आग्रह केला तरी.

ग्रुप अ‍ॅडमिन असले तर माझ्यावर केस होते का?

सभासदानं काही टाकलं एवढ्यावरून नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ साली म्हटलंय की सामाईक हेतू किंवा आधीचं संगनमत दिसत नसेल तर दुसऱ्याच्या मजकुराला अ‍ॅडमिन जबाबदार नाही. स्वतः अफवा पसरवली तर मात्र भारतीय न्याय संहितेचं कलम ३५३ आहे.

माणसांचे फजितीचे व्हिडिओ का नाही लिहीत? लोकांना तेच आवडतं.

कारण त्या माणसाला कुणी विचारलेलं नसतं. रस्त्यात पडलेला दारुडा, बसमध्ये भांडणारी बाई, मनानं आजारी असलेला मुलगा यांचं हसू करून मला फळ्यापुढं गर्दी नको.

माणसाची अजब गोष्ट सांगायचीच असेल तर उत्तर प्रदेशातल्या लाल बिहारी यांच्यासारखी सांगावी. जमीन हडपण्यासाठी नातेवाइकांनी सरकारी कागदांवर त्यांना मृत दाखवलं. १९७५ पासून १९९४ पर्यंत हा जिवंत माणूस आपण जिवंत आहोत हे सिद्ध करत फिरत होता. आपल्यासारखे आणखी लोक आहेत हे कळल्यावर त्यांनी 'मृतक संघ' काढला. त्यांनाही २००३ चा इग्नोबेल मिळालाय, शांततेसाठी. सातबाऱ्याच्या फेऱ्या मारलेला माणूस ही बातमी वाचून हसतो, पण अर्ध्यातच थांबतो.

मुलांसाठी कुठली बातमी हमखास चालते?

बदकांची. जानेवारी १९९२ मध्ये हाँगकाँगहून अमेरिकेला निघालेल्या 'एव्हर लॉरेल' जहाजावरून वादळात काही कंटेनर प्रशांत महासागरात पडले. त्यातल्या एकात अंघोळीच्या वेळी खेळायची २८,८०० प्लॅस्टिकची खेळणी होती: पिवळी बदकं, लाल बीव्हर, निळी कासवं, हिरवे बेडूक. खोकी पाण्यात विरघळली आणि सगळे पोहायला लागले. दहा महिन्यांनी पहिली खेळणी अलास्काच्या किनाऱ्याला लागली. कर्टिस एब्समायर या समुद्रशास्त्रज्ञानं कुठलं खेळणं कुठं सापडलं याच्या नोंदी ठेवल्या आणि त्यावरून महासागरातले प्रवाह कसे फिरतात ते पडताळून पाहिलं.

हे लिहिल्यावर गल्लीतल्या पोरांनी पंचगंगा घाटावर नावं लिहिलेले लाकडाचे तुकडे सोडले होते. आठवडाभरानं त्यातला एक नदीकाठच्या खालच्या गावात एकाला सापडला. त्यानं नावाखालच्या नंबरवर फोन केला. त्या फोननंतर पोरं जी नाचली!

चूक झाली तर?

त्याच कोपऱ्यात, त्याच मापाच्या अक्षरात दुरुस्ती. नुसतं पुसायचं नाही, कारण ज्यानं काल वाचलं त्यानं घरी जाऊन सांगितलेलं असतं. ग्रुपवर पाठवलं असेल तर मेसेज डिलीट करून गप्प बसू नका; खाली लिहा, काय चुकलं आणि खरं काय.

फोटो कुणाचाही वापरला तर चालतो का?

ज्यानं काढला त्याचं नाव लिहा. नाव सापडत नसेल तर फोटो सोडा, गोष्ट शब्दांत सांगा.

रोज किती पाठवाव्यात?

एक. दहा पाठवल्या तर एकही वाचली जात नाही. आणि फळ्यावर निधनाची वार्ता असेल त्या दिवशी माझा कोपरा कोरा असतो.

माझ्याकडं एक बातमी आहे. फळ्यावर कशी येईल?

कागदावर गाव, तारीख आणि कुठं वाचलं ते लिहून गल्लीच्या तोंडच्या किराणा दुकानात माझ्या नावानं ठेवा. आदल्या रात्री नऊपर्यंत मिळाली तर तपासायला वेळ मिळतो. मी सकाळी साडेसहाला लिहायला येते. अक्षर चांगलं असेल तर तुम्हीच या, खडू तालमीच्या खिडकीत असतो. ओला फडका मात्र घरून आणा.